सात रेघांचा बैल : मोजक्या रेषांतलं प्राणीचित्र कसं पाहावं

दिवस बुडताना आखरावर उभं राहिलं की परतणाऱ्या ढोरांचे रंग दिसत नाहीत, डोळे-नाक तर नाहीच. धुळीत नुसते काळे आकार हलत येतात. तरी धुऱ्यावर बसलेला माणूस सांगतो, "पुढची आपली कपिली, तिच्यामागची पाटलाची मोडक्या शिंगाची." शिंगाचा बाक, वशिंडाचा उंचवटा, चालताना मान टाकायची लकब, एवढ्यावर ओळख पटते. मोजक्या रेषांचं प्राणीचित्र याच ओळखीवर उभं असतं. त्यामुळे ज्याला ढोरं कळतात त्याची अर्धी तयारी झालेली असते. उरलेली अर्धी म्हणजे पाहण्याचा क्रम, तो इथे दिला आहे.

"चार रेघा मारल्या, झालं चित्र? हे तर आमचं पोरगंही काढील" ही शंका मनात असेल तर असू द्या. पुढे तिचा निकाल हातानंच लागतो.

बसायच्या आधी

चित्र कागदावर असलं तर उत्तम. मोबाइलवरच असेल तर गावातल्या झेरॉक्सच्या दुकानातून ए-फोर कागदावर साधी काळी-पांढरी प्रत काढून घ्या, पण "पानभर" करून काढू नका. चित्राभोवतीची कोरी जागा हा चित्राचाच भाग असतो आणि दुकानदार हटकून तीच कापतो. मोबाइलवर आणखी एक खोड लागते, बोटांनी मोठं करून बघायची. बैलाचा कान हातभर झाला की बैल हरवतो.

सोबत दोन जुनी पोस्टकार्डं, एक पेन्सिल, पाठकोरे दहा-बारा कागद आणि पाऊण तास एवढं लागेल. उजेड बाजूनं येईल असं बसा, दाराशी किंवा ओसरीवर. ट्यूबलाइटखाली, काचेमागचं चित्र बघायला घेतलं तर चित्राऐवजी ट्यूबलाइटच दिसते.

पहिले दहा सेकंद

चित्र भिंतीला टेकवून आठ-दहा फुटांवर जा. दहा सेकंद बघा, मग पाठ फिरवा. आता मोठ्यानं सांगा, कोणता प्राणी? काय करतोय? आणि हे कशावरून कळलं? तिसरा प्रश्न महत्त्वाचा. "शिंगावरून", "पाठीवरून", "शेपटी उभी होती म्हणून" असं एकच उत्तर द्या. दोन-तीन जण असाल तर प्रत्येकानं आपलं उत्तर आधी कागदावर लिहावं. नाहीतर पहिला जे बोलतो त्यालाच बाकीचे माना डोलवतात.

प्राणी ओळखूच आला नाही तर? दोन शक्यता असतात. चित्र कच्चं असेल, किंवा तो प्राणी तुमच्या पाहण्यातला नसेल. मेळघाटातल्या माणसाला समुद्रातला सील सहा रेघांत कळणार नाही, त्यात त्याचा दोष नाही आणि चित्राचाही नाही. सुरुवात रोजच्या ढोरा-पाखरांपासून करा.

रेघेचं चित्र कळायला शिकवणी लागते असा एक समज आहे. अमेरिकेतल्या ज्युलियन हॉकबर्ग आणि व्हर्जिनिया ब्रुक्स या मानसशास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये एक प्रयोग छापला. एका मुलाला जवळजवळ एकोणीस महिन्यांचं होईपर्यंत चित्रांपासून दूर ठेवलं होतं. वस्तू दाखवून त्यांची नावं शिकवली, चित्रं दाखवून नाही. मग त्याला रेघांची चित्रं दाखवली, तर त्यानं त्यातल्या वस्तू ओळखल्या. म्हणजे ओळखणं आपोआप येतं. आस्वाद घेणं मात्र सावकाश बघूनच येतं.

रेघा मोजा

आता चित्र हातात घ्या, दीड फुटावर. पेन्सिलीचं टोक कागदाला न टेकवता प्रत्येक रेघेवरून फिरवा. हात उचलावा लागला की एक रेघ संपली. बहुतेकांना वाटतं त्यापेक्षा रेघा कमी निघतात.

उदाहरणासाठी एक चित्र डोळ्यांसमोर धरू. पोस्टकार्डाएवढा कागद, त्यावर ब्रशानं काढलेला बसलेला बैल. पहिली रेघ शिंगाच्या टोकापासून निघून कपाळावरून, नाकाडावरून मुस्कटापर्यंत येते. दुसरी सगळ्यात लांब: मानेवरून वशिंड चढते, पाठीवर थोडी खोल जाते, पुठ्ठ्यावरून खाली उतरते, तीच शेपटी होते, आणि शेपटी जमिनीवरून वळसा घेत पुढे येऊन बैलाच्याच मुस्कटासमोर थांबते. तिसरी रेघ गळ्याखालच्या पोळीची, दोन लहरींची. चौथी दुमडलेला पुढचा पाय. पाचवी पोटाखालून बाहेर आलेला मागचा खूर. सहावी दुसरं शिंग. सातवी कान. आणि डोळ्याचा एक ठिपका, तो शेपटीच्या टोकाकडे रोखलेला. हे कोणाचं शेपूट इथे येऊन पडलं, अशा चेहऱ्यानं तो बघतोय.

पोटाला रेघच नाही. ते लक्षात ठेवा, त्यावर पुढे येतो.

रेघेची चाल वाचता येते. ब्रशाची रेघ जिथे सुरू होते तिथे टोक बोथट, भरलेलं असतं आणि जिथे संपते तिथे निमुळतं होतं. हात भरभर गेला असेल तर मधे शाई तुटून कोरडे ओरखडे दिसतात, हात थांबला असेल तिथे शाईचा थेंब फुगतो. टाकानं काढलेली रेघ दाबानं जाड होते, कारण निबाचे दोन पाते फाकतात. बॉलपेनाच्या रेघेत हे चढउतार जवळजवळ नसतात. तिथे वेग शोधायचा तो वळणांत: भरधाव गेलेली रेघ वळणावर जराशी बाहेर पडते, बैलबंडीसारखी. या खुणांवरून चित्रकारानं आधी काय काढलं, कुठे बिचकला, कुठे बिनधास्त गेला ते सांगता येतं. वरच्या बैलात पाठीची रेघ वशिंडापाशी जाड आणि शेपटीशी केसासारखी बारीक असेल, तर ती एका दमात ओढलेली आहे हे ओळखा.

अलीकडे हरणाचं, मांजराचं "एका रेघेतलं चित्र" म्हणून स्टिकर आणि भिंतीवरच्या छापील पट्ट्या मिळतात. त्यातल्या पुष्कळ फोटोवरून संगणकानं काढलेल्या असतात. खूण सोपी आहे. रेघ सगळीकडे सारख्याच जाडीची, आणि ती फोटोतल्या प्रत्येक कडेवरून इमानेइतबारे चालते, अगदी पायाखालच्या सावलीच्या कडेवरूनसुद्धा. काय सोडायचं हे कुणी ठरवलेलंच नसतं. असलं चित्र भिंतीवर लावायला हरकत नाही, पण खालच्या परीक्षेला ते टिकत नाही.

झाकून बघा

परीक्षा ही अशी. दोन पोस्टकार्डांच्या कडांनी एकेक रेघ झाकायची आणि प्रत्येक वेळी विचारायचं, काय गेलं?

सात रेघांच्या बैलावर करून पाहू. वशिंड झाकलं तर जनावराचं नावच बदलतं, शिंगं आहेत पण वशिंड नाही, म्हणजे म्हैस की काय असं वाटू लागतं. गळ्याची पोळी झाकली तर बैल राहतो, पण वय आणि वजन जातं, कालचा गोऱ्हा दिसतो. दुमडलेला पुढचा पाय झाकला तर तो बसलेला वाटत नाही, गाळात रुतलेला वाटतो. कान झाकला की डोकं दगडाचं होतं, शिंगं वरून चिकटवल्यासारखी. शेपटीचा पुढे आलेला वळसा झाकला तर बैल जसाच्या तसा राहतो, फक्त चित्रातली सगळी मजा जाते.

यातून रेघांची तीन कामं समोर येतात. काही रेघा नाव सांगतात, काही ठेवण आणि वजन सांगतात, काही खोडी काढतात. चांगल्या चित्रात एकाच रेघेकडे दोन किंवा तिन्ही कामं असतात, जशी इथली दुसरी रेघ. आणि झाकूनही काहीच गेलं नाही, तर ती रेघ फुकटची. दुसरं शिंग झाकल्यावर पुष्कळांना काही गेलं असं वाटत नाही. नीट पाहिलं तर डोकं किंचित आपल्याकडे वळलेलं होतं ते सरळ, नाण्यावरच्या छापासारखं होतं. त्यावरून वाद घालायला जागा आहे, आणि असा वाद झाला पाहिजे.

जिथे रेघ नाही

पोटाची रेघ का नाही? बसलेल्या बैलाचं पोट जमिनीला टेकून पसरतं. तिथे रेघ ओढली तर बैल जमिनीपासून वेगळा होऊन पाटावर ठेवल्यासारखा दिसतो. न ओढल्यामुळे त्याचं वजन कागदात उतरतं. उभ्या बैलाच्या चित्रात उलटं असू शकतं, तिथे पोटाची रेघ गेली तर चार पाय हवेत लोंबतात.

म्हणून प्रत्येक तुटीपाशी थांबून पेन्सिल हवेत फिरवून ती जोडून बघा. जोडल्यावर चित्र सुधारलं असं वाटलं तर ती तूट म्हणजे राहून गेलेलं काम. चित्र जड झालं, थांबलं असं वाटलं तर ती मुद्दाम ठेवलेली. शंका असेल तर झेरॉक्सवर खरंच रेघ ओढा आणि मूळ प्रत शेजारी ठेवा. झेरॉक्सचे दोन-तीन रुपये यात वसूल होतात.

कागदावर प्राणी कुठे बसवलाय तेही बघा. पावसाच्या चिखलात बसलेली म्हैस कागदाच्या तळाशी असेल तर जड वाटते, वरच्या कोपऱ्यात एकटी खार असेल तर वरचेवर पळून जाईल असं वाटतं. प्राणी चालतोय त्या बाजूला जागा सोडली असेल तर तो निघालाय, पाठीमागे सोडली असेल तर पोहोचलाय.

कोठ्यात जाऊन ताळा

ही पायरी शहरातल्या माणसाला परवडत नाही, आपल्याला परवडते. चित्र घेऊन ढोरांच्या कोठ्यात किंवा गोठाणावर जा. चित्रकारानं काय खरं ठेवलं आणि काय वाकवलं हे जनावराशेजारीच कळतं. नुसतं "बैलासारखा आहे" म्हणून परतू नका, पुढच्या गोष्टी तपासा.

कान आणि शिंग. बैलाचा कान शिंगाच्या बुडाखाली, मागच्या अंगाला असतो. घाईत काढणारे कान वर आणि शिंग खाली करतात. डोळा चेहऱ्याच्या मध्यावर नसतो, शिंगाच्या बुडापासून मुस्कटापर्यंतचं अंतर तीन भागांत वाटलं तर वरच्या भागात येतो. मध्यावर आला की बैलाचा माणूस होतो.

जातही दोन रेघांत कळते. वर्ध्याकडच्या गवळाऊचं डोकं लांब, अरुंद, शिंगं आखूड आणि बोथट. लांब, मागे जाऊन वर उठलेली टोकदार शिंगं काढली असतील तर चित्रकारानं खिल्लार पाहिलाय. नागपुरी म्हशीची शिंगं चपटी, लांब, मानेच्या दोन्ही अंगांनी खांद्याकडे तलवारीसारखी गेलेली. तिचं चित्र म्हणजे जवळजवळ त्या दोन शिंगांचंच चित्र. कुरळ्या, आखडलेल्या शिंगांची म्हैस दिसली तर ती मुऱ्हा.

बसणं आणि उठणं. गाय-बैल बसताना पुढचे गुडघे आधी टेकतात, उठताना मागचा भाग आधी उचलतात. घोडा उठताना पुढून उठतो. बसलेल्या बैलाचे मागचे दोन्ही पाय एकाच बाजूला निघतात, त्यामुळे एका अंगानं खूर दिसतात आणि दुसऱ्या अंगानं दिसत नाहीत. आपल्या चित्रातली पाचवी रेघ म्हणूनच खरी आहे, ती कोणत्या बाजूनं पाहिलंय तेही सांगते. आणि मागच्या पायाचा जो सांधा मागे वळलेला दिसतो तो गुडघा नाही, तो आपल्या टाचेच्या जागी आहे. खरा गुडघा वर, पोटाशी असतो. मोजक्या रेषांचं चित्र सगळ्यात जास्त फसतं ते इथे. माणसाच्या गुडघ्यासारखा पुढे वाकवलेला मागचा पाय दिसला की चित्रकारानं ढोर पाहिलेलं नाही, दुसरं चित्र पाहिलंय.

शेळी आणि मेंढी अंगापिंडानं एका रेघेत सारख्याच येतात, पण शेळीची शेपटी वर आणि मेंढीची खाली. ती एक छोटी रेघ पुरते. शेळीच्या डोळ्यातली बाहुली आडवी असते, म्हणून तिच्या डोळ्याला ठिपक्याऐवजी आडवी चीर दिली की ती लगेच शेळी होते, जरा आगाऊ शेळी. चिमणी दोन्ही पायांनी उड्या मारते, कावळा टाकोटाक चालतोही. कोंबडीचे तीन बोटं पुढे, एक मागे. वानराची शेपटी त्याच्या धडापेक्षा लांब असते, ती आखूड काढली तर रंग न देताही तो लाल तोंडाचा माकड होतो.

आता यातलं काही चित्रात चुकलेलं दिसलं तर ती चूक की गंमत? समजा बैल कुत्र्यासारखा बसलाय, पुढचे पाय ताठ आणि ढुंगण टेकलेलं. बाकीच्या रेघा तपासा. कान, डोळा, वशिंड, खूर जागच्या जागी असतील तर बसणं मुद्दाम बिघडवलंय, त्याला राखणीला बसवलाय. बाकीचंही डळमळीत असेल तर चूक.

गंमत कुठे असते

गंमत म्हणजे हसरं तोंड नव्हे. जनावराच्या ओठांना वर वळवून हसू काढलेलं चित्र बहुतेक वेळा दुसऱ्यांदा बघवत नाही. मोजक्या रेघांच्या चित्रातली मजा मापात असते (मोठ्या धडावर गव्हाएवढं डोकं), रोखलेल्या नजरेत असते, किंवा रेघेच्या स्वतःच्या वात्रटपणात असते: शेपटी जी जमीन होते, शिंग जे चंद्राची कोर होतं, दोन बगळ्यांना मिळून एकच पाय. पण हा शेवटचा प्रकार जपून तोलावा. कोडं सुटलं की संपणारी चित्रं असतात, उखाण्यासारखी. उत्तर कळल्यावर पुन्हा विचारावंसं वाटत नाही. आपल्या सात रेघांच्या बैलात शेपटीची क्लृप्ती कळल्यानंतरही त्याचा तो गोंधळलेला ठिपका बघावासा वाटतो, कारण माशा वारत पडलेल्या बैलाला आपण तसं बघताना पाहिलेलं असतं.

ठिपक्याचा प्रयोग जरूर करा. झेरॉक्सवर डोळा पांढऱ्या शाईनं खोडा आणि तीन प्रतींवर तीन जागी ठिपका द्या: थोडा वर, थोडा पुढे, थोडा मागे. दोन मिलिमीटरनं बैल घाबरट, झोपाळू किंवा बेरकी होतो. चीनचे चित्रकार बादा शानरेन (१६२६–१७०५) यांचे मासे आणि पाखरं पाहिली तर पांढऱ्या डोळ्यात वरच्या कडेला चिकटलेली काळी बाहुली दिसते. एवढ्याशानं तो मासा जगावर रुसलेला वाटतो.

शेजारी ठेवायची चार चित्रं

ही चारही इंटरनेटवर सहज सापडतात. नावानं शोधा, प्रत काढा.

पाब्लो पिकासोनं ५ डिसेंबर १९४५ ते १७ जानेवारी १९४६ या काळात पॅरिसमधल्या मूर्लो यांच्या छापखान्यात एकाच बैलाचे दगडी छापाचे अकरा टप्पे केले. सुरुवातीला बैल अंगानं भरलेला, मग आणखी जाड, मग कसायानं खुणा केल्यासारखे त्याचे भाग पाडलेले, आणि मग एकेक गोष्ट काढून टाकत अकराव्या टप्प्यात मोजक्या रेघा आणि वाटाण्याएवढं डोकं. अकराही छाप ओळीनं मांडा आणि प्रत्येक दोन टप्प्यांमध्ये काय गेलं ते लिहा. दीड तास जातो, पण कमी रेघांचं चित्र कमी मेहनतीचं नसतं हे यापेक्षा चांगलं कुठे कळत नाही. आपल्याकडचा माणूस इथे एक आक्षेप घेईल, हा झुंजीचा स्पॅनिश बैल आहे, त्याला आपल्यासारखं वशिंड नाही. बरोबर आहे. म्हणूनच आपल्या बैलाच्या रेघा वेगळ्या.

जपानमध्ये क्योटोच्या कोझान-जी मंदिराच्या मालकीच्या, बाराव्या-तेराव्या शतकातल्या चार गुंडाळ्या आहेत, चोजू-गिगा. रंग नाही, मजकूर नाही, नुसती काळी शाई. पहिल्या गुंडाळीत ससे, बेडूक आणि माकडं माणसांचे उद्योग करतात. बेडूक सशाला कुस्तीत आपटतो आणि बेडकाच्या तोंडातून दोन-चार रेघा निघतात. त्या रेघांवर बोट ठेवा: ओरडणं दाखवायला आणखी काही लागलं नाही.

ची बायशी (१८६४–१९५७) यांचे झिंगे भंडारा-गोंदियाच्या तळ्याकाठच्या माणसानं पाहावेतच. पाण्याची एकही रेघ नाही तरी झिंगे पाण्यात आहेत. त्यांनी पाळून, निरखून झिंगे काढले आणि वर्षांगणिक त्यांचे पाय कमी करत आणले.

आणि भोपाळजवळचं भीमबेटका. तिथल्या शैलाश्रयांत प्राण्यांनी भरलेला एक खडकच आहे, पांढऱ्या आणि गेरूच्या रंगात. तिथली पुष्कळ जनावरं बाजूनंच काढलेली आहेत, कारण चार पायांच्या जनावराची ओळख बाजूनंच पटते. समोरून बैल काढून बघा म्हणजे कळेल.

काढून बघा

चित्र चांगलं यावं म्हणून नव्हे, समोरच्या चित्रातली अडचण हाताला कळावी म्हणून.

तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोरांच्या पोळ्याचा, चाकांवरचा लाकडी बैल घरात असतोच. रात्री दिवे मालवून तो भिंतीपासून सहा इंचांवर ठेवा, भिंतीला कागद चिकटवा आणि चार-पाच फुटांवरून मोबाइलची बॅटरी त्याच्या उंचीला धरा. बैल भिंतीच्या जवळ आणि दिवा लांब असला की सावलीची कड धारदार येते. उलट केलं तर सावली मोठी होते, पण पसरट आणि धुरकट. कड पेन्सिलीनं गिरवून घ्या. हा झाला पहिला कागद.

दुसऱ्या कागदावर पहिल्याकडे बघून, गिरवून नव्हे, बारा रेघांत तोच बैल काढा. तिसऱ्यावर नऊ, चौथ्यावर सात, पाचव्यावर पाच. प्रत्येक कागदाला तीन मिनिटं, खोडरबर बंद. चाकं रेखाटली असतील तर ती कितव्या कागदावर सोडली ते बघा, मुलं ती पाचव्या कागदापर्यंत सोडत नाहीत आणि त्यांचं बहुतेक वेळा बरोबर असतं, कारण चाकांशिवाय तो तान्ह्या पोळ्याचा बैल राहत नाही.

काढायला तुराटीचा कोळसा झकास. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या सुक्या तुराट्या सोलून चार-पाच इंचांचे तुकडे करा, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घट्ट भरा, झाकणाला खिळ्यानं एकच भोक पाडा. डबा चुलीच्या निखाऱ्यात तासभर ठेवा. भोकातून धूर येतो, तो थांबला की डबा बाहेर काढा आणि पूर्ण गार होईपर्यंत उघडू नका. गरम असताना उघडलं तर हवा लागून तुकडे पेटतात आणि हाती राख येते. तुकडे आतून तपकिरी निघाले तर कमी भाजलेत, ते कागदावर उमटत नाहीत, ओरखडतात.

शाईनं काढायचं असेल तर सहा नंबरचा गोल ब्रश आणि काळी ड्रॉइंग शाई. वहीच्या पातळ कागदावर शाई पसरते आणि रेघेला मिशा फुटतात, म्हणून ड्रॉइंगचा कागद घ्या.

काय बिघडतं? पहिली गोष्ट, केसाळ रेघ. हात भितो आणि एका रेघेऐवजी वीस तुकडे घासत जातो. उपाय: मनगट कागदावर टेकवू नका, कोपरातून हात फिरवा, आणि रेघ ओढताना पेनाच्या टोकाकडे न बघता ती जिथे पोहोचायची तिथे बघा. नांगराचा तास सरळ काढायला समोरच्या धुऱ्याकडे बघतात, तसंच. दुसरी, चुकीच्या रेघा वगळल्या जाणं. लोक अवघड म्हणून वशिंड सोडतात आणि सोपा म्हणून पोटाचा गोल ठेवतात. तिसरी, सगळीकडे सारखा दाब, त्यामुळे बैल पत्र्यातून कापल्यासारखा होतो. पाठ आणि मान जाड, शेपटी-कान हलके करून बघा.

ज्यांना एका रेघेचं वेड लागेल त्यांनी बांधकामाची बायंडिंग तार घ्यावी, सत्तर सेंटिमीटर, आणि न तोडता, न जोडता पक्कडीनं बैल वळवावा. अलेक्झांडर काल्डर हा अमेरिकन शिल्पकार आधी न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयांत जाऊन ब्रशानं जनावरं काढायचा आणि मग तारेची करायचा. तारेत कळतं ते असं, की रेघेला परत यायचंही असतं. शिंगावर गेलेली तार त्याच वाटेनं उतरवावी लागते, म्हणून शिंग दुहेरी होतं. कुठून सुरू करायचं हे आधी ठरवलं नाही तर तार नेमकी मागच्या पायाशी संपते. मुस्कटापासून सुरू करून शेपटीला संपवणं सगळ्यात सोपं.

एवढं झाल्यावर मूळ चित्र पुन्हा समोर ठेवा आणि "पोरगंही काढील" या शंकेकडे वळा. पोरगं खरंच काढील, कदाचित मोठ्यांपेक्षा बरं काढील. पण त्याला म्हणा, तोच बैल तसाच दहा वेळा काढ. सातव्या-आठव्या वेळी काय होतं ते बघा.

भिंतीवर

कमी रेघांच्या चित्राला नक्षीची सोनेरी चौकट लावू नका, बैल लग्नातल्या नवरदेवासारखा अवघडतो. पट्टी बारीक, आणि चित्राभोवती तीन बाजूंनी सहा-सात सेंटिमीटर कोरा पुठ्ठा, खाली थोडा जास्त. चित्राचा मध्य जमिनीपासून पावणेपाच-पाच फुटांवर, उभ्या माणसाच्या डोळ्यासमोर. पोरांसाठी लावत असाल तर साडेतीनवर. कॅलेंडर, देवांचे फोटो आणि लग्नाचा फोटो यांच्या रांगेत तो लावला तर दिसणारच नाही, त्याला स्वतंत्र भिंत द्या, दाराआडची का होईना.

पश्चिमेच्या उन्हाची भिंत टाळा, कागद पिवळा पडतो. चुलीच्या धुराचीही टाळा. मातीच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, म्हणून चौकटीच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाचे तुकडे चिकटवा, मागे हवा खेळते. आषाढ ते भाद्रपद महिन्यातून एकदा चौकट उतरवून मागून बघा. कसर लागायला सुरुवात कडेनं होते, बारीक भुसा दिसतो. दिसला तर चित्र बाहेर काढा, मऊ ब्रशानं झटका, मागचा पुठ्ठा बदला, आणि कोरड्या दिवशीच परत बसवा.